पाऊण तासाचं माहेर

टिपणीसांची मृणालिनी पूर्वी औरंगाबादहून एसटीने यायची. रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत मुलुंडला पोचायची आणि एकदा आली की पंधरा दिवस हलायची नाही. आई गेल्यावरही तिचं माहेरपण चुकलं नाही. विद्याधर टिपणीस म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले सगळ्यात अबोल गृहस्थ. जन्मभर कारखान्यात बसून यंत्रांचे नकाशे काढले, माणसांशी बोलायची वेळ फारशी आली नाही. पण लेक आली की हाच माणूस गुणगुणत जिना उतरायचा.

शहाऐंशी साली जावयाला बढती मिळाली आणि मृणालिनी विमानाने यायला लागली. टिपणीस तर हरखूनच गेले. जुना ॲटलास काढला, त्यावर पट्टी ठेवली आणि मला बोलावून दाखवलं.

"वहिनी, रस्त्याने जवळजवळ चारशे किलोमीटर. सरळ रेषेत पावणेतीनशेच! पाऊण तासात सांताक्रूझ. आता काय, मनात आलं की येईल."

मनात आलं की जाईलही, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

झालं तसंच. पहिल्या खेपेला चार दिवस राहिली, दुसऱ्या खेपेला दोन. म्हणून पुढच्या खेपेआधी टिपणीसांनी मुद्दाम कळवलं, निदान दोन रात्री तरी राहा. पिंजाऱ्याला बोलावून तिची गादी नव्याने भरून घेतली. ती सकाळच्या विमानाने आली आणि दुपारी जेवून हात पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मी आजच्याच विमानाने निघते हं. उद्या यांचे साहेब जेवायला यायचेत. पाऊण तास तर आहे, परत येईन ना!"

मी तिथेच होते. टिपणीस म्हणाले, "हो, हो. पाऊण तास तर आहे."

अहो, माणसाने जरा रागवावं, हट्ट धरावा! पोरीपेक्षा मला त्यांचाच राग आला. एसटीचा प्रवास असता तर त्याच दिवशी परत जायचं तिच्या मनातसुद्धा आलं नसतं.

टिपणीस तिला पोचवायला विमानतळावर गेले. बिल्डिंगमध्ये फोन आमच्याकडेच. तो वाजला तेव्हा ते अजून परतले नव्हते.

"काकू, पोचले मी घरी. बाबांना सांगाल ना?"

बऱ्याच वेळाने टिपणीस दारात आले. बस साकीनाक्याला अडकून पडली होती. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि धाप लागली होती.

"मृणालिनीचा फोन आला?"

"येऊन गेला. सुखरूप पोचली."

ते खुर्चीत टेकले. "मला वाटलं, तिचा फोन येईपर्यंत मी पोचेन." मग जरा ओशाळून म्हणाले, "जरा लावून देता का मला?"

मी लावून दिला. जावयाने उचलला. मृणालिनी जेवत होती.

"नको, उठवू नका. जेवू दे तिला," टिपणीस म्हणाले. "नुसतं सांगा, मी पोचलो म्हणून."

फोन ठेवून ते उठले. मी ताट काढलं. म्हटलं, "आता इथेच चार घास खाऊन जा."

"नको वहिनी," ते म्हणाले, "घरी दोघांचं केलेलं आहे. उद्याचंसुद्धा."