आमोण्याच्या गाडीचं उजवं चाक

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोड्या माहीत आहेत, ही एक सोडून. देवापुढे उभा राहिलो तरी या खोडीवरून मी उडी मारून पुढे जातो. मग तुम्हालाच का सांगतोय? — माहीत नाही. पण सांगायला बसलोय, तर आधी माझ्याबद्दल थोडं ऐकून घ्या. नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

गोव्यात चोपड्याला, नदीवरच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लोक मला ‘कानवालो दिगू’ म्हणतात, आणि ते उगाच म्हणत नाहीत. चाकाचं बेअरिंग बिघडलं की गाडी गुणगुणायला लागते — वेग वाढला की स्वर चढतो. पुष्कळ मेस्त, म्हणजे आमच्याकडचे मेकॅनिक, इथेच फसतात. टायरचा आवाज समजून चांगले टायर बदलायला लावतात. मी नाही फसत. मी गाडी पुलावर नेतो. तिथे रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना नदी, आवाज परतवायला भिंत नाही की झाड नाही. चालत्या गाडीचं स्टिअरिंग जरा डावीकडे घेतलं की वजन उजव्या चाकांवर पडतं. गुणगुण वाढली तर दुखणं उजवीकडे. मग गाडी जॅकवर घ्यायची, एक हात स्प्रिंगवर ठेवायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. बेअरिंग गेलेलं असेल तर बोटांना खरखर लागते. खोटं कशाला बोलू? या कामात माझ्या तोडीचा माणूस या दोन तालुक्यांत नाही. आजही नाही.

पण मला पूल पुरेनासा झाला. गॅरेजसमोर चहाचा गाडा आहे, तिथे भाजीपाव खायला मंडळी जमतात. एकदा गंमत म्हणून मी डोळे मिटून खुर्चीत बसलो आणि उतारावरून येणाऱ्या गाडीचं चाक सांगितलं — ‘मागचं उजवं!’ चाक उघडून बघितलं तर तेच निघालं. टाळ्या पडल्या. मग लोक खास ते बघायला थांबायला लागले. असं कुणाला आवडणार नाही? मला तर फारच आवडलं.

बाबुलीमामा डिचोलीकडच्या आमोणे गावचे. मूळचे सावंतवाडीकडचे, पण उभा जन्म डिचोलीच्या खाणींवर टिप्पर चालवण्यात गेला. खाणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि गावातल्या मुलांना शाळेत न्यायला-आणायला लागले. माझ्या नात्यातले नव्हेत; त्यांना सगळेच मामा म्हणत. वाटेतली सगळी गॅरेजं सोडून ते आमोण्याहून माझ्याकडे यायचे, याचा मला अभिमान होता. का नसावा?

चतुर्थीच्या आधीचे दिवस. प्रत्येकाला गाडी तयार हवी, गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि समोर गाड्यावर ही गर्दी. मामांची व्हॅन उतारावरून गुणगुणत आली. मी डोळे मिटले. ‘पुढचं डावं!’

मामा खाली उतरले आणि हळूच म्हणाले, “दिगू, माका उजव्या पायाखाली हुळहुळता रे. उजवा चाक बघ.”

तीस वर्षं पायाने गाडी ओळखणारा माणूस सांगत होता. आणि मी? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मामा, गाडी तुमी चलवा. ऐकाचा काम माजा.” मंडळी हसली. मामाही हसले.

शेजाऱ्याने त्याच महिन्यात रस्त्याकडेला चिऱ्यांचा उंच गडगा घातला होता आणि आवाज त्यावर आपटून भलत्याच बाजूने माझ्याकडे येत होता. ही सबब नव्हे. गडगा मला रोज दिसत होता. गाडी पुलावर नेली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं — पण एकदा बोलल्यावर पुलावर जायचं म्हणजे मलाच शंका आली असं दिसलं असतं. म्हणून नाही नेली.

डावं चाक काढलं, हब हाताने फिरवला, आणि बोटांना कळलं. लोण्यासारखा फिरत होता. तेव्हा थांबता आलं नसतं का? आलं असतं. तरी मी चांगलं बेअरिंग प्रेसवर दाबून बाहेर काढलं आणि नवं घातलं. आमच्याकडे एक रीत आहे, वडिलांच्या वेळेपासूनची — काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, त्याने स्वतः बघून खात्री करावी म्हणून. त्या दिवशी मी तो भंगाराच्या पिंपात टाकला. मामांनी विचारलं, “जुना खंय?” मी सांगितलं, काढताना फुटला. तसा तो फुटतोही पुष्कळदा, म्हणून खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी मामा परत आले. आवाज तसाच आहे म्हणाले. मी त्यांना शेजारी बसवून व्हॅन पुलावर नेली आणि स्टिअरिंग जरा डावीकडे घेतलं. उजवीकडून गुणगुण चढली. मला ती ऐकू आली — लख्ख ऐकू आली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी म्हणालो —

“गाडी गप आसा, मामा. आवाज तुमच्या कानात आसा. इतकी वर्सां टिप्पर चलवलात, कान जातलेच.”

झालं. हेच ते.

मामांनी विश्वास ठेवला. डिचोलीला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. पण दिगूला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज नाहीच — डॉक्टरांपेक्षा त्यांना माझा कान खरा वाटला. शाळेला चतुर्थीची सुट्टी पडेपर्यंत ती मुलं त्याच चाकावर शाळेत गेली. वाटेत चाक अडकलं असतं तर? त्या दिवसांत फोन वाजला की आमोण्याचा तर नाही ना, हे मी आधी बघायचो. तरी मी स्वतःहून आमोण्याला फोन केला नाही.

सुट्टीनंतर मामांनी व्हॅन काढलीच नाही. म्हणाले, “ज्येका गाडीचो आवाज कळना नाय, त्येना लोकांची पोरां बसवू नये.” आणि माझ्याकडेच पाठवून दिली, गिऱ्हाईक बघायला.

ती आली त्याच दुपारी मी उजवं चाक उघडलं. बेअरिंगच्या आतली कडी खपल्या निघाव्यात तशी उखडली होती, उष्णतेने निळी पडली होती. त्या दिवशी केलं तसं काम मी जन्मात केलं नाही. बैठक पुसून आरशासारखी केली, नवं बेअरिंग बाहेरच्या कडीवर दाब देत सरळ बसवलं, केसाएवढंही तिरकं जाऊ दिलं नाही, नट मापाने आवळला. पुलावर नेली तेव्हा आत फक्त वारा ऐकू येत होता. आणि खरं सांगू? लाज वाटायला हवी होती तिथेही मला अभिमानच वाटला.

मी मनाशी ठरवलं होतं — मामा एकदा चालवतील, शांतता ऐकतील, सगळं समजतील, चार लोकांत मला शिव्या घालतील आणि गाडी घेऊन घरी जातील. म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही.

गिऱ्हाईक ठरलं. विक्रीच्या कागदांवर सह्या करायला मामा आले तेव्हा मी त्यांच्या हातात किल्ली दिली. शेवटची एक फेरी मारा म्हटलं. काय सुरेख चालवली त्यांनी! पुलावरून जाऊन आले, गॅरेजसमोर थांबले, इंजिन बंद केलं.

“दिगू,” ते म्हणाले, “तू म्हणालंस ताच खरा. आदी कानात घूं घूं तरी येय. आता तीव बंद झाली. कान गेलेच रे माजे.”

‘मामा, चाक उजवंच होतं.’ एवढे चार शब्द बोलायचे होते. समोर गाडा माणसांनी भरलेला होता, कानवाल्या दिगूकडे बघत होता. मी कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. व्हॅन केरीच्या एकाने नेली. ते चाक अजून कुरकुरलेलं नाही.

आता आमोण्यात सगळे मामांशी मोठ्याने बोलतात. मामाही कानामागे हात धरून ऐकतात — धडधाकट कानामागे. गेल्या महिन्यात डिचोलीच्या बाजारात ते एकटेच भेटले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो, आणि ओरडून विचारलं, “मामा, बरे आसात मां?”