वसंताच्या वहीतले आठ दिवस

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाचे दोन कप मांडत होतो. सकाळी सातला वसंत मास्तर देवबागेतल्या माझ्या पडवीत येऊन टेकणार, हा चाळीस वर्षांचा रिवाज... दुसरा कप तसाच राहिला.

तो इतिहास शिकवायचा, मी गावचा पोस्टमास्तर. लहानपणी एका बाकावर बसलेलो आम्ही. पण ह्याचा जीव कुठे, तर कराचीत! फाळणीआधी त्याचा काका गलबतावर कामाला गेला तो तिथलाच झाला. काकाचा मुलगा सदू मराठीत पत्रं लिही, आणि हा पठ्ठ्या ती मलाच वाचून दाखवी. ‘सदू असा म्हणता, सदू तसा म्हणता...’ ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याचं एवढं कौतुक! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दोन देशांचं बिनसलं की टपाल अडायचं. वसंता एका जाड वहीत टिपून ठेवी: उच्चायुक्त कधी परत बोलावले, बोलणी कशावरून फिसकटली, पत्रं किती दिवस बंद. म्हणायचा, “बापू, ह्यो आमच्या घराचो इतिहास आसा.” तो हिरमुसायचा आणि मी, सांगायला लाज वाटते, खूश व्हायचो. तेवढे दिवस वसंता माझा एकट्याचा.

एकदा मात्र मी हद्द केली. दोन्हीकडे सगळं सुरळीत असताना सदूचं पाकीट आलं. ते मी खणात सारलं.

“इला काय रे?” वसंताने विचारलं.

“नाय रे. त्यांचा परत बिनसला वाटता.”

आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मन खाऊ लागलं, दिलं पाकीट. आत सदूच्या मुलीची लग्नपत्रिका. लग्न होऊन गेलेलं. निदान आशीर्वादाचं पत्र तरी वसंताने धाडलं असतं. पाकिटाच्या मागे, ते आलं त्याच दिवशी मीच सवयीने मारलेला तारखेचा शिक्का होता, त्यावरून तो बोट फिरवत बसला. मग चहा प्यायला.

तेराव्यानंतर वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. प्रत्येक भांडणाचं कारण, तारीख... आणि एका पानावर: ‘आठ दिवस टपाल बंद. दिल्लीन नाय, इस्लामाबादेन नाय. बापून. बोलणी चालू ठेवली.’

मेल्या, एक शिवी तरी द्यायची होतीस!

सातला अजून दोन कप मांडतो. सदूचा फोन नंबर वसंताकडेही नव्हता, म्हणून पत्र लिहिलंय. वसंता गेला, आणि पत्रिका मीच अडवली होती, दोन्ही त्यात आहे. पाकीट वहीत ठेवलंय. टपाल बंद आहे, या वेळी खरंच.