पायरी नको

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, दोस्तांना नाही, देवळात एकटा उभा होतो तेव्हा देवालासुद्धा नाही. एकदोनदा तोंड उघडलं, पण बाहेर दुसरंच पडलं. रस्ता किती खराब झालाय, डिझेल कुठं जाऊन पोचलंय—असलं काहीतरी. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. नाही, कदाचित नाही—आज जमवायचंच.

गोष्ट गाडीची आहे. हसू नका. पिकअपला चाकांवरचे उंच पाटे बसवून गाडी उचलली, एवढीच. पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी पोरांनी बसवलेत, त्यात कबूल करण्यासारखं काय? मीसुद्धा स्वतःला हेच विचारत आलो. आणि दरवेळी उत्तर यायच्या आत विषय बदलत आलो.

आम्ही दोघे भाऊ. खाडीकडचे, मिठागरात राबलेल्या बापाची पोरं. पिकअप दोघांच्या मेहनतीची. दादा, म्हणजे नामदेव, माझ्याहून मोठा. लहानपणी ताप आला आणि त्याचा डावा पाय बारीक राहिला. गुडघ्यावर हात दाबत चालतो. पण गाडीत चढताना त्याला कुणी हात दिलेला मी कधी पाहिला नव्हता. दाराची कडी धरायची, चांगला पाय वर टाकायचा, अंग आत झोकायचं—झालं. नामा शेठ सीटवर.

गाडी मी चालवायचो, शेजारी दादा. गणपतीच्या आधी जोहे गावातल्या कारखान्यांतून मूर्ती भरायच्या, बाकी वर्षभर भात, विटा, मिळेल ते. भाडी ठरवायची दादानं. लोकांशी बोलायचं दादानं. हमरस्त्यावरच्या चहावाल्यापासून रोह्यातल्या दुकानदारापर्यंत सगळे त्यालाच ओळखायचे. ‘नामाची गाडी आली’ म्हणायचे. स्टेअरिंगवर कोण बसलंय? असेल कुणीतरी. गाडी हाकायची मी आणि रामराम त्याला! माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू. गावात तो लंगडा नामा होता. त्या एका सीटवर बसला की माणूस व्हायचा, चारचौघांतला, चार माणसांना ऐकवणारा. त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं हो. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

मिठागराकडं जाणारा बांध दगडमातीचा. भरतीचं पाणी येऊन गेलं की खड्डेच खड्डे. गाडीचं पोट घासायचं, एकदा तर इंजिनखालचा पत्राच फाटला. गाडी उचलायला पाहिजे होती, हे खरं आहे. खोटं बोलणाऱ्याला आधाराला एक खरं लागतं. मला ते आयतंच मिळालं.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसू लागलो. डोंगरात, नदीत गाड्या उड्या मारतायत, ड्रायव्हर गॉगल लावून हसतोय. कुठले शॉकअप, कितीचा पाटा, किती इंच उचल—सगळं तोंडपाठ. पेणला हायवेलगतच्या गॅरेजात सलीमभाई मिस्त्रीनं माझ्यापुढं दोन सेट ठेवले. एक दोन इंच उचलणारा, एक चार. बांधासाठी दोन इंच बक्कळ झाले, म्हणाला. चार घेतलात तर रिकामी गाडी उडेल. माझा हात दोन इंचवाल्या पाट्यावर होता. देवाशपथ होता. आणि मग तो सहज बोलून गेला, ‘चार घेतले तर पायरी लावावी लागंल. दादांना चढता यायचं नाय.’

बस्स. तेवढ्या वाक्यानं झालं. माझा हात त्या पाट्यावरून कधी निघाला मला कळलं नाही.

‘चार टाक,’ मी म्हणालो. ‘पायरी नको. बांधावर दगडाला अडकते.’

सलीमभाईनं कोपऱ्यातल्या लोखंडी नळीकडं बोट दाखवलं. नळी तर हाय, वेल्डिंग मारली की झालं, म्हणाला. मी ओरडलो—नको म्हटलं ना एकदा! गॅरेजातली माणसं वळून बघायला लागली. मीच माझ्या आवाजाला दचकलो. कोण बोललं हे? कुणाच्या तोंडून आलं?

तुम्ही विचाराल, असा उघड विचार केलास का, की भावाला चढता येऊ नये? की नुसती चूक झाली, हौसेपायी? तेच तर. मला चूक म्हणायला फार आवडलं असतं. पण डोक्यात शब्द होते, अगदी चोख. ‘आता बघू कसा बसतो.’ सख्ख्या भावाबद्दल! माझं मलाच ऐकू आलं. पण मी ‘पायरी लाव’ म्हणालो नाही.

दिवसभर काम चाललं. जुने पाटे उतरले, नवे चढले, यू-बोल्ट मी स्वतः आवळले. शेवटी जॅक काढला तर गाडी खाली आलीच नाही असं वाटलं. तशीच वर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. गाडी बघून थबकला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तर हा खूश! ‘आयला, बाळ्या! गाडी हाय का हत्ती?’ चारी बाजूंनी फिरला, मडगार्डवर थाप मारली, शेजाऱ्यांना हाका मारून दाखवली. मग कडी धरली, चांगला पाय वर टाकला आणि अंग झोकलं. खालचा बारीक पाय रेटेना. पुन्हा झोकलं. शर्ट पँटीतून बाहेर आला. तिसऱ्या वेळी तो कडीला तसाच लोंबकळत राहिला क्षणभर, आणि वळून माझ्याकडं बघून हसला. लहान पोर पडल्यावर आधी आईकडं बघतं ना, तसा.

माझं वाक्य तयार होतं. रात्रीच करून ठेवलं होतं. ‘नवे पाटे हायेत, दादा. चार दिवसांत बसतील. गाडी येईल खाली.’

त्यानं लगेच विश्वास ठेवला. लगेच! वाद नाही, शंका नाही. ‘मग ठीक हाय. तू हो पुढं,’ म्हणाला आणि शर्ट नीट खोचला.

नवे पाटे थोडे बसतात. चार इंच कुठून बसणार? पण तो वाट बघत राहिला. मी संध्याकाळी आलो की विचारायचा, ‘बसले काय रं पाटे?’ मी म्हणायचो, बसतायत. वहिनीनं एकदा विचारलं, ‘भावोजी, त्या गाडीला पायरी नाय मिळत?’ मी म्हणालो, या मॉडेलला येत नाय. डोळ्यांत बघून म्हणालो. तिनं मग घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल पुढं केलं, तर दादानं ते पायानं सरकवलं. स्टूलावरून चढायला मी काय घोड्यावरचा नवरदेव हाय का गो, म्हणाला. सगळे हसले. मीही.

आणि मग ती दुपार. मी जेवून आडवा झालो होतो. बाहेर धाडधाड आवाज यायला लागले, म्हणून उठून बघतो तर दादा गाडीत दगड भरतोय. कुंपणाचे पडके दगड. एकेक उचलायचा, छातीशी धरायचा, तो पाय ओढत यायचा आणि हौद्यात टाकायचा. घामानं निथळत होता. किती वेळ चालला होता कुणास ठाऊक, हौदा निम्मा भरलेला. मला बघून म्हणाला, ‘वजन ठेवलं की लवकर बसतील बघ. तुझ्या ध्यानात कसं नाय आलं?’

  गाडी मागून खाली बसली होती, आणि त्यामुळं पुढचं नाक होतं त्याहून वर गेलं होतं. त्याची सीट आणखी उंच झाली होती! त्यालाही ते दिसलं. हातात दगड धरून तो नुसता बघत उभा राहिला. मी त्या वेळी सांगू शकलो असतो की नाही? चल, पेणला जाऊ, पायरी लावू, तासाभराचं काम. एवढंच. मी म्हणालो, ‘काढ ते दगड, पाटे तुटतील.’ आणि काढायलाही हात लावला नाही.

पण दादा तो दादाच. मूर्तींचा हंगाम आला तेव्हा त्यानं स्वतःच तोड काढली. गाडी ओट्याला अगदी चिकटवून लाव, म्हणाला. लावली. ओट्यावरून पाय टाकला की थेट आत. बसला, काच खाली केली, हात बाहेर टाकला—आणि काय चेहरा झाला त्याचा! जोह्याला जाईपर्यंत बडबड करत होता. मूर्ती भरताना खिडकीतूनच सगळ्यांना ओरडत होता, बाप्पाचा हात सांभाळा, कागद नीट लावा. सगळे म्हणाले, नामा आला, बरं झालं, होतास कुठं? मी गाडी चालवत होतो. माझ्या पोटात पुन्हा तेच.

रोह्याला पूल ओलांडून अष्टमी गावात गेलो. तिथल्या दुकानदाराच्या दारात गर्दी होती, मूर्ती घ्यायला आलेली माणसं, बायका, हमाल. मूर्ती उतरल्या. दुकानदारानं नेहमीसारखी हाक मारली, नामदेवशेठ, या खाली, चहा सांगितलाय. दादानं दार उघडलं आणि खाली बघितलं. तिथं ओटा नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला फक्त खांदा द्यायचा होता. चार पावलांवर होतो. मी दोरी गुंडाळत राहिलो. गुंडाळलेली दोरी सोडून पुन्हा गुंडाळली.

हमालांना दया आली. दिवसभर मूर्ती उतरवत होते बिचारे, त्यांच्या हातांना तीच सवय. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली, आणि दादाला तसाच बसल्या बसल्या उचलला. गर्दीतून कुणीतरी आरोळी ठोकली, ‘गणपती बाप्पाऽऽ—’

आणि ‘मोरया’ आलं.

सगळ्यांत मोठं माझं होतं.

मी खोटं सांगत नाही. माझं होतं. आधी मला वाटलं मागून कुणीतरी ओरडलं, मी वळूनसुद्धा बघितलं. मग कळलं, तोंड माझं उघडं आहे. लोक हसत होते. दादा हमालांच्या हातांवर, शर्ट वर गेलेला, तो बारीक पाय सगळ्यांसमोर हलतोय—आणि तोही हसत होता. त्यानं हात वर करून आशीर्वाद दिला, मूर्ती देते तसा. लोक आणखी हसले. फक्त माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. त्याला आवाज ओळखू आला नसेल का? जन्मापासून ऐकतोय तो माझा आवाज.

चहा झाला. परत निघताना म्हणाला, ‘तू हो पुढं, मी यष्टीनं येतो.’ मी बरं म्हणालो. बरं! आमची घरं भिंतीला भिंत लागून. संध्याकाळी तो आला, वहिनीनं विचारलं कसं झालं, आणि मला पलीकडून स्पष्ट ऐकू आलं. ‘लय मजा आली गो. सगळे वळखीचे भेटले. लय हसलो.’ मी घास हातात धरून बसलो होतो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, भाजीत मीठ जास्त झालंय.

ते हिला कधी कळलं नाही, वहिनीला कळलं नाही. दादा आहे, चांगला आहे. पोराटोरांना गाडी दाखवतो, माझ्या भावानं बांधासाठी अशी केलीय म्हणून सांगतो. पायरी मी अजून लावलेली नाही. सलीमभाईच्या गॅरेजावरून रोज जातो.

आणि एक राहिलं. अष्टमीच्या त्या फेरीनंतरच्या दिवसाचं. जोह्याचं दुसरं भाडं होतं. मी सकाळी गाडी नेऊन ओट्याला चिकटवली, कालच्यासारखी. हॉर्न दिला. दादाच्या घराचं दार उघडं होतं. आत तो खाटेवर बसलेला मला दिसत होता, इस्त्रीचा शर्ट अंगात, बटणं लावलेली. तो उठला नाही. मी थांबलो थोडा. मला कळलं, मी पुन्हा हॉर्न दिला, किंवा नुसती हाक मारली, तरी तो येईल.

मी गाडी काढली. आणि बांधावर लागल्यावर मला हलकं वाटलं.