वाटाड्याचं अर्धं पान

माझ्या आतेभावावर मी एकदा सूड उगवला होता. घरात हा विषय निघाला की सगळे हसतात. "खेळावरून कुणी एवढं धरून बसतं का?" म्हणतात. मी बसते. माझा स्वभावच तसा आहे आणि तो बदलायची मला गरज वाटत नाही.

भोरला आमची पिठाची गिरणी होती आणि गिरणीवर माळा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, दुपारची वीज जायचीच. वीज गेली की गिरणी बंद पडायची आणि मग माळ्यावर एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. रविवारी त्या तेवढ्या वेळात आम्ही चौघं खेळायला बसायचो. आतेभाऊ पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता, त्याला आम्ही दादा म्हणायचो. दुसरा माझा सख्खा थोरला भाऊ. तिसरा त्याचा हिर्डोशीचा मित्र. गावाकडं एसटीचा भरवसा नाही म्हणून तो कॉलेजसाठी भोरात खोली घेऊन राहायचा. आणि चौथी मी, बारावीतली.

खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकाचं एक पात्र, आणि त्याचं सगळं बळ एका कागदावर आकड्यांत लिहिलेलं. खेळ चालवणारा गोष्ट सांगणार, आपण म्हणायचं माझं पात्र आता असं करतं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. चालवणारा अर्थातच दादा. इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक त्यानं पुण्याहून आणलं होतं. ते अख्खं वाचून, मराठीत उतरवून, दोनशे पानी वही भरली ती मात्र मी. दोन महिने लागले. माळ्यावर भांडण झालं की वही उघडायची आणि वहीत असेल तेच खरं, असं ठरलेलं होतं.

भाऊ मांत्रिक होता, मित्र तलवारबाज. माझा होता वाटाड्या. धनुष्यबाण वापरणारा, रानातल्या खुणा ओळखणारा. तीन वर्षं मी त्याला वाढवला. त्याच्या जिवाचा आकडा खोडरबरानं इतक्या वेळा खोडला होता की कागद तिथं विरला होता. मी माझ्या पात्रावर प्रेम करत होते, हे आता सांगून टाकते. अभ्यासात मला कुणी शहाणी म्हटलं नाही, घरात तर नाहीच. माळ्यावर मात्र "वाटाड्या काय म्हणतो?" असं विचारल्याशिवाय कुणी पुढं पाऊल टाकत नसे.

तेच दादाला खुपायचं. शेवटच्या मोहिमेसाठी त्यानं एका मायावी राजाचा गड रचला होता, आणि नकाशा काढला होता राजगडावरून. माझं आजोळ पाली, गडाच्या पायथ्याचं. सुट्टीत दुसरं करणार काय, गडावरच पडीक असायचो. दादानं सगळे पहारेकरी पाली दरवाज्यावर उभे केले आणि माझा वाटाड्या सगळ्यांना सुवेळा माचीच्या अंगानं वर घेऊन गेला. दादाची दोन महिन्यांची तयारी वाया गेली. मित्र हसून लोळला, "लई भारी! ह्यो गड पुण्यावाल्याला कसा कळंल?" दादाही हसला, पण दात दिसण्यापुरताच.

पुढच्याच रविवारी तो नवं पुस्तक घेऊन आला. नियम सुधारले होते म्हणे. "ती वही आता रद्दी," असं म्हणून त्यानं माझी वही पायानं बाजूला सारली. हातानं नाही, पायानं. मग वाटाड्याचं पान उघडून वाचून दाखवलं: आधी पात्र एक पायरी वर चढलं की दहा बाजूंच्या फाशानं त्याचा जीव वाढायचा, आता आठ बाजूंच्या. हिशोब करून त्यानं माझ्या कागदावरच्या जिवाच्या आकड्यातून सात कमी केले.

"बाकी काही बदललं का?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी एवढंच," तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

त्याच दुपारी बालेकिल्ल्याच्या चढावर राजाच्या राखणदारांनी वाटाड्याला गाठलं. जीव दोननं कमी पडला आणि मेला. ते सात असते तर उतरून पाणी प्यायला असता. दादा म्हणाला, "नियमापुढं कुणाचं चालतं?" आमच्यात रीत होती, ज्याचं पात्र मेलं त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना भेळ घालायची. त्याला आम्ही तेरावं म्हणायचो. "भेळेत कांदा जास्त घाल," असं सांगून दादा खाली उतरला.

आणि इथं त्याची चूक झाली. मांत्रिकाची काही पानं भावाला हवी होती, म्हणून दादानं जाता जाता पुस्तक एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं टाकलं. वीज आलेली नव्हती, त्याची गाडी लागलेली. "उद्या कुणीतरी घेऊन या," म्हणून तो पुण्याला गेला. आमच्या घरात 'कुणीतरी' म्हणजे मीच असते, हे एवढ्या वर्षांत त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातही वीज नव्हती. "ताई, लाइट न्हाई, बसा जरा," दुकानदार म्हणाला. बसले, आणि वाटाड्याचं पान काढलं. दादानं वाचलेली ओळ होती, बरोबर होती. पण पान तिथं संपत नव्हतं. जीव कमी केला त्याच्या बदल्यात वाटाड्याला खूप काही दिलं होतं. तिरंदाजीची वाट धरली तर एका वेळी दोन बाण. त्या चढावर मला दुसरा बाण मिळाला असता तर राखणदार आधी पडला असता. दादानं घेतलेलं वाचलं होतं आणि दिलेलं गिळलं होतं. वीज आल्यावर मी त्या पानाची झेरॉक्स काढली, आणि मग अख्खं पुस्तक घरी नेऊन आठवडाभर वाचलं. त्यानं अजून काय गिळलंय ते मला बघायचं होतं. सापडलं, त्याचीही झेरॉक्स काढली.

रविवारी मी भेळ केली, कांदा जास्त घातला. सगळ्यांसमोर अगदी गोड आवाजात विचारलं, "दादा, आता सगळं नव्या पुस्तकाप्रमाणंच ना? सोय बघून नाही ना?"

"नियम म्हणजे नियम. मी स्वतःसुद्धा सुटणार नाही."

लढाई सुरू झाली. राजा हे दादाचं लाडकं पात्र, वर्षभर जपलेलं. त्यानं वेगाचा मंत्र म्हटला, आग फेकली, आणि लगेच म्हणाला, "आता त्याच दमात दुसरा मंत्र."

"थांब," मी म्हणाले, आणि झेरॉक्सचा एक कागद पुढं सरकवला. जुन्या नियमात वेगाच्या मंत्रानं एका दमात दोन मंत्र म्हणता यायचे. नव्यात तेच काढून टाकलं होतं. शस्त्राचा एक जादा वार, बस. मित्रानं बोट ठेवून ओळ वाचली. "आरं, खरंच की! मंग आता माझी पाळी." त्यानं फासा टाकला. राजा मेला.

दादाचं तोंड उतरलं. मी दुसरा कागद ठेवला, वाटाड्याच्या पानाचा. "आता हे वाच. वरपासून खालपर्यंत, मोठ्यानं."

त्यानं वाचलं नाही. भावानं उचलून वाचलं, अगदी खालच्या ओळीपर्यंत. तेव्हा दादा म्हणाला, "बरं. वाटाड्या मेलाच नाही असं धरू. दोन बाण, बाकीचं सगळं, देतो. पण मग आजची लढाईही धरायची नाही. राजाला राहू दे."

तिघंही माझ्याकडं बघत होते. मला वाटाड्या हवा होता. आठवडाभर दुसरं काही हवं नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मी त्याचा कागद काढला आणि दादाच्या समोर फाडला. मधोमध, मग आडवा.

"येडी का तू?" भाऊ ओरडला. "मिळत होता की परत!"

"परत देत नव्हता. बदल्यात देत होता. मेला तो मेला, आणि राजाही मेला."

दादा फासे गोळा करून गेला तो पुन्हा खेळायला आला नाही. फासे त्याचे होते, त्यामुळं खेळही संपला. भाऊ महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्याचंही बरोबर होतं, त्याचा मांत्रिक काही चूक नसताना बंद पडला. कागदाचे तुकडे गोळा करताना मी रडले. वाटाड्यासाठी मला अजून वाईट वाटतं. पण दादाचं ते उतरलेलं तोंड आठवलं की आजही बरं वाटतं, आणि तसं वाटण्याची मला लाज वाटत नाही.