बजरंगचं वाक्य, दगडोबाचं तोंड

उमरी-नांदेड एसटीचा ड्रायव्हर दगडोबा पवळे याला आयुष्यात एकाच गोष्टीचा वैताग होता, आणि ती म्हणजे गप्प बसणारी माणसं. रस्त्यातले खड्डे त्याला चालायचे, आडव्या येणाऱ्या म्हशी चालायच्या, पण काही विचारलं की मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारा माणूस दिसला की त्याचं डोकं फिरायचं. मग अशा माणसाचं उत्तर तो स्वतःच देऊन मोकळा व्हायचा. बायकोला, तुळजाबाईला, डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं तिला आणि बोलला हा, "गुडघे लई दुखून राहिले तिचे." दोघं गुडघ्याच्या गोळ्या घेऊन घरी आली. दुखत होता तुळजाबाईचा खांदा. तिने तसं सांगितल्यावर हा तिच्यावरच खेकसला, "मग तिथं सांगायला काय झालं होतं?"

अशा माणसाच्या गाडीवर कंडक्टर म्हणून कोण यावं? तर बजरंग. हदगावकडचा, एकोणतीस वर्षांचा, सरळमार्गी आणि मुखदुर्बळ. इतका की तिकीट मागायचं म्हणजे जणू उसने पैसे मागायचेत असा चेहरा करायचा. मशीन हातात धरून प्रवाशासमोर उभा राहायचा आणि तो प्रवासी आपणहून वर बघेपर्यंत वाट बघायचा. फाटा आला तरी याच्या तोंडून गावाचं नाव निघायचं नाही. शेवटी दगडोबाच स्टिअरिंगवरून ओरडायचा, "फाटावाले उतरा! ओ म्हातारबा, उठा, आलं तुमचं गाव!" अर्ध्या तिकिटावरून बायका कंडक्टरशी भांडायला लागल्या की त्यांना उत्तर ड्रायव्हरने द्यायचं. दोन वर्षं दगडोबाने गाडीही चालवली आणि कंडक्टरकीही केली, आणि घरी येऊन रोज तुळजाबाईपुढे कपाळाला हात लावला.

मग डिसेंबरात व्हायचं ते झालं. एका फाट्यावर लग्नाचं वऱ्हाड गाडीत शिरलं. मागच्या सीटवरच्या सात जणांपुढे बजरंग मशीन घेऊन उभा राहिला. ते हसत-खिदळत होते, कुणी वर बघितलं नाही. पुढच्या थांब्यावर तपासणी पथक चढलं आणि सातही जण विनातिकीट सापडले. असं तिसऱ्यांदा झालं होतं. बजरंगला चार्जशीट मिळाली आणि दीड महिन्याने साहेबांपुढे सुनावणी लागली. तिथेही हा असाच उभा राहिला तर नोकरी जाणार, हे डेपोतला झाडूवालासुद्धा सांगत होता.

"तिथं काय बोलशील?" दगडोबाने विचारलं.

बजरंग बुटांकडे बघत राहिला.

"अरे, बुटाला काय विचारतो? मला सांग की!" दगडोबाला वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. तरण्या पोराची चांगली नोकरी निव्वळ लाजण्यापायी जाणार, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की तो आणखी ओरडायचा.

उमरीत कॉलेजच्या दामिनी मॅडम दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये गावातल्या लोकांचं नाटक बसवायच्या. मूळच्या उदगीरच्या, आवाज बारीक, पण नजर अशी की समोरचा आपोआप सरळ बसावा. लाजरीबुजरी माणसं तिथे बोलती होतात, असं दगडोबाच्या कानावर आलं होतं. मिरची कांडपवाली लक्ष्मम्मा, जी गिऱ्हाइकाला भावसुद्धा बोटांवर दाखवायची, ती म्हणे गेल्या वर्षी स्टेजवर उभी राहून भांडली होती. पुढच्याच रविवारी दगडोबा बजरंगला दंडाला धरून घेऊन गेला.

"मॅडम, हा बजरंग. हदगावचा. लई लाजतो. याला सहा आठवड्यात बोलता करा," दगडोबा म्हणाला.

"नाव त्यांना सांगू द्या की काका," दामिनी मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्हीही बसा. इथे नुसते बघायला कुणी येत नाही."

तरुणपणी दगडोबाने गावच्या जत्रेत तलवारीची नाटकं केली होती. नाटक म्हणजे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचेल असा आवाज, एवढं त्याचं ठाम मत. आणि इथे काय चाललं होतं, तर माणसं जोडीजोडीने समोरासमोर बसून एकमेकांकडे नुसती बघत होती! एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने हवा तेवढा वेळ घ्यायचा, आणि तिसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, हा मॅडमचा नियम. लक्ष्मम्माने बजरंगला विचारलं, "तुला काय खायला आवडतं?" बजरंग गप्प. दगडोबाने मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि तिसऱ्या रांगेतून बोलला, "शेंगदाण्याची चटणी."

मॅडमनी त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. "ही तोंडात धरा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

दगडोबाने ती कडकन चावली.

चार रविवार असे गेले. एका रविवारी बजरंगने, सगळ्यांनी पाच मिनिटं वाट बघितल्यावर, आपल्याला बैलांची भीती वाटते असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडोबाचा जीव चिडचिडून अर्धा झाला. या वेगाने सुनावणीला पोचायचं म्हणजे बजरंगची रिटायरमेंट उजाडेल, असं तो तुळजाबाईला म्हणाला.

"तुम्ही त्याला बोलू देता का पण?" तुळजाबाई म्हणाली.

"मी कामून अडवू? मी तर त्याला मदत करून राहिलो!"

नाटक लोकांनी मिळूनच रचलं होतं. एका शेतकऱ्याची वाट भावकीने काटे टाकून अडवलेली, आणि त्याने भर ग्रामसभेत उठून ती मागायची. शेतकरी बजरंग, सरपंच दगडोबा. बजरंगचं मुख्य वाक्य एकच होतं, "ती वाट माझी बी हाय." एवढ्या एका वाक्यासाठी दगडोबाने त्याला गाडीत, कँटीनमध्ये, डिझेलच्या लायनीत, मिळेल तिथे घोकवून घेतलं.

प्रयोग शाळेच्या पटांगणात झाला. संध्याकाळी चारएकशे माणसं सतरंज्यांवर बसली. ग्रामसभेचा प्रसंग आला, बजरंग उठला, आणि थांबला. त्याने एकदा लोकांकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे. सरपंचाच्या खुर्चीत दगडोबा पुढे सरकला. हा विसरला, बसला आता, नाटक गेलं आणि नोकरीही गेली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हण की, ती वाट माझी बी हाय!"

पटांगण खो खो हसायला लागलं. भावकीने अडवलेली वाट सरपंचच शेतकऱ्याच्या वतीने मागत होता!

बजरंगने मान वर केली. "सरपंच," तो म्हणाला, "माझ्या तोंडातलं तुमी कामून बोलून राहिले? मी बोलनार हाय. मी इचार करून राहिलो होतो. तुमी गप बसा."

हे नाटकात कुठेच नव्हतं. लोकांना ते नाटकातलंच वाटलं, आणि अशा टाळ्या पडल्या की पडद्याआडून मॅडम बाहेर डोकावल्या. मग बजरंगने आपलं वाक्य म्हटलं. सावकाश आणि नीट. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

दगडोबाला अपमान फार लागला. ज्याच्यासाठी एवढी दगदग केली, त्याने चारशे माणसांत 'गप बसा' म्हणावं! ठीक आहे, बसतो गप. दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडीत तोंडच उघडलं नाही. फाटा आला, दगडोबाने गाडी थांबवली आणि समोरच्या काचेकडे बघत राहिला. कुणी उठेना. मागून कुजबुज सुरू झाली. बराच वेळ गेला, आणि मग दाराशी एक आवाज आला, "फाटा. फाटावाले उतरून घ्या." तिसऱ्या दिवशी तो आवाज मधल्या सीटपर्यंत जायला लागला. चौथ्या दिवशी "मावशी, पंच्याहत्तर पुरी झाली असंल तर आधार कार्ड दाखवा, न्हाईतर अर्धं तिकीट घ्या" हे दगडोबाने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याला आनंद झाला, आणि आपल्याला आनंद झाला म्हणून रागही आला. पाचव्या दिवशी रुसवा सोडावा लागला, कारण सुनावणीचा दिवस आला होता.

सुनावणीला सोबत एखादा सहकारी न्यायला परवानगी होती. दगडोबा अर्थातच निघाला. त्याने कैफियत तयार ठेवली होती. मशीनची बॅटरी उतरली, गर्दी होती, तेवढ्यात पथक चढलं. रात्रभर घोळून घोळून तिला त्याने कुठे फट म्हणून ठेवली नव्हती.

साहेबांनी कागद चाळले आणि बजरंगकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

बजरंग गप्प. भिंतीवरचं घड्याळ दगडोबाच्या डोक्यात टिकटिक करायला लागलं. साहेबांनी पेन टेबलावर आपटलं आणि ते दगडोबाकडे वळले. "हे बोलत नसतील तर तुम्ही सांगा. मला पुढची कामं आहेत."

सगळी कैफियत दगडोबाच्या ओठांवर आली. चार वाक्यांत पोराची नोकरी वाचत होती. त्याने तोंड उघडलं, मिटलं, खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो सांगंल. त्याला जरा वेळ लागतो. द्या."

तेवढं बोलायला त्याला जेवढे कष्ट पडले तेवढे घाटात गाडी चढवतानाही कधी पडले नव्हते.

"मशीन चालू होती," बजरंग म्हणाला. "मी उभा बी होतो. पर मागायची लाज वाटली." पुन्हा थांबला. कुणी मध्ये बोललं नाही. "दोन वर्सं माझ्या गाडीत आवाज ड्रायव्हरचाच हाय. लोकं त्यांचंच ऐकायची, आन मला बी बरं वाटायचं, आपल्याला बोलायला लागत न्हाई म्हणून. चूक माझी हाय, साहेब, त्यांची न्हाई. चार दिवस झाले, मी सोता बोलून राहिलो. एक बी माणूस बिनतिकिटाचा गेला न्हाई. मशीन तपासा."

साहेबांनी मशीनचा अहवाल मागवला आणि बराच वेळ वाचला. एक वेतनवाढ रोखली. नोकरी राहिली.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर दगडोबा फुटला. "खरं बोलायला कुणी सांगितलं होतं तुला? बॅटरी उतरली म्हणला असता तर वेतनवाढ बी वाचली असती!"

"बॅटरी उतरली न्हवती, मामा."

दगडोबाने पुढचं बोलायला तोंड उघडलं. 'त्यांची न्हाई' हे दोन शब्द अजून त्याच्या कानात होते. त्याला माफी मागायची होती, आणि आयुष्यभर सगळ्यांच्या वतीने बोललेल्या या माणसाला स्वतःचं एक वाक्य जमेना. बजरंग शेजारी उभा राहिला, आणि दगडोबाचं बोलणं येईपर्यंत त्याने वाट बघितली.