रामकोबाईच्या सासूशेजारी

आई जाऊन तीन महिने झाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवत होता, फोटो होता घरात. पण ती स्वयंपाकघरातून मला कशी हाक मारायची, रागावली की कशी बोलायची, काही केल्या कानाशी येईना. मी नागपूरला हॉस्टेलमध्ये शिकत होते. तार हाती पडून चंद्रपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचे शेवटचे शब्द तर मिळाले नाहीतच, आता आधीचेही गेले. आमच्या घरी महाकालीची भक्ती. घरी आले की मी देवळात जाऊन म्हणायची, ‘आई, तिचा आवाज एकदाच ऐकव. पुन्हा काही मागणार नाही.’ देवी गप्प. मी मुळातच तापट. शेवटी मी देवीशीच अबोला धरला आणि देवळात जाणं सोडलं.

त्या हिवाळ्यात कॉलेजचं आठवड्याचं सेवा शिबिर धानोरा तालुक्यातल्या एका जंगलगावात निघालं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नाल्यावर दगडी बांध घालायचा होता, म्हणजे उन्हाळ्यात गावातल्या बायांची पाण्यासाठीची पायपीट वाचली असती. खरं सांगते, मला सेवेचा वगैरे काही कळवळा नव्हता. सुटीत घरी जायचं नव्हतं, म्हणून मी नाव दिलं. शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचं, सकाळी थंडीने कुडकुडत घमेली उचलायची. गावातली माणसंही आमच्या बरोबरीने राबायची. अंग इतकं दुखायचं की मनाचं दुखणं तेवढा वेळ मागे पडायचं.

तिसऱ्या दिवशी दगड कमी पडले. मी शोधत शोधत गावाबाहेर गेले, तर एका मोहाच्या झाडाखाली अर्धवट जमिनीत रोवलेले, चपटे, छान दगड ओळीने उभे. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. मैत्रिणींना हाका मारून बोलावलं, कुदळीने ते उपटले आणि वाहून आणले. त्यातला एक गोल डोक्याचा दगड मी स्वतः बांधाच्या पायात बसवला. शिबिरावर आलेल्या सरांनी शाबासकी दिली आणि मी दिवसभर मिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलं एकही माणूस कामावर आलं नाही. सर पाटलांकडे जाऊन आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने तिथे दगड उभा करायचा, सणावाराला त्याला जेवू घालायचं, अशी तिथली रीत होती. “अगं,” सर मला म्हणाले, “तू त्यांची माणसं उपटून आणलीस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाशी न बोलता मी नाल्यात उतरले आणि बांधाचा पाया उकलू लागले. आपण आपल्या आईसाठी झुरतो आणि इथे येऊन दुसऱ्यांच्या आया पाण्यात टाकतो, हेच डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात काठावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिला सगळे रामकोबाई म्हणत. ती वाकली, मी काढलेल्या गोल डोक्याच्या दगडावरून तिने हात फिरवला आणि मला म्हणाली,

“हे माई सासू हाये. तुनं तिले एवढ्या थंड्या पान्यात घातलं. आधीच लय भांडखोर होती थे.”

मला हसू फुटलं की रडू, कळलंच नाही. दोन्ही एकदम आलं. “बाई, चुकलं माझं,” एवढंच कसंबसं म्हटलं. मग मैत्रिणी, सर, सगळेच आले. दुपारपर्यंत आम्ही सगळे दगड परत नेले. कुठला कुणाचा, हे गावकऱ्यांनी ओळखलं आणि जिथल्या तिथे रोवले. ते आमच्यावर ओरडले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

बाकीचे परतले. मी तिथेच बसून राहिले. रामकोबाई जवळ येऊन बसली.

“काऊन रडते वं? गोटे तं आले जागेवर.”

मी तिला आईचं सांगितलं. तिने सरळ विचारलं, “तुह्या मायचा गोटा कुठी हाये?”

“नाही बाई. अस्थी वैनगंगेत सोडल्या.”

“मंग तू तिले भेटाले कुठी जाते?”

ती उठली आणि मला एक दगड शोधून आणायला लावलं. मी आणलेला दगड हातभरसुद्धा नव्हता. तिने आपल्या सासूच्या बाजूला खड्डा केला. “इथीच ठेवू. माई सासू लय बोलते. तुह्या मायले करमन.” दगड रोवून तिने त्यावर पाणी घातलं, पदराच्या गाठीतले तांदळाचे दाणे वाहिले आणि म्हणाली, “मार हाक.”

तोंडातून “आई” निघालं. मी लगेच पुढे बोलणार, तोच रामकोबाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तूच बोलून राह्यली. तिले बोलू दे ना जरा.”

मी गप्प बसले. आणि मग माझ्या कानाशी, मी न्हाऊन आले की बोलायची त्याच वैतागलेल्या सुरात, आई म्हणाली, “अगं, डोकं पुस नीट, सर्दी होईल.”

तो तिचाच आवाज होता. यापलीकडे मी काही सांगू शकत नाही आणि कुणी भास म्हटलं तर वादही घालत नाही. बांध त्याच आठवड्यात पुरा झाला. दगड कुठून घ्यायचे, हे गावानेच दाखवलं. रामकोबाईची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. देवीने त्या दिवशी कुणाचं रूप घेतलं होतं, हे मात्र मी मनात धरून आहे आणि अबोला सोडून देवीपुढे रोज हात जोडते. आईची आठवण अजून तशीच जीव कासावीस करते. पण आता मी तिचा आवाज मागत नाही. एकदा “आई” म्हणते आणि बोलायची पाळी तिच्यावर सोडून गप्प बसते.