माझ्या सहीचं शेड

"तिरडी खाली ठेवू नगा. तशीच घेऊन जावा."

उपसरपंच आबा हे म्हणाले तेव्हा मायची तिरडी आम्हा चौघांच्या खांद्यावर होती. श्रावणातला पाऊस, सकाळपासून एकसारखा. समोर दहा पावलांवर गावच्या स्मशानभूमीतलं नवं शेड. वर निळे पत्रे, खाली कोरडी फरशी. शेडच्या खांबाला पाटी. पाटीवर सरपंच म्हणून माझं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट.

मी म्हणालो, "आबा, पाऊस लई हाय. शेड तर सगळ्या गावाचं हाय ना?"

"गावाचंच हाय की. न्हाई कोण म्हणतंय? पण तुमची जागा वढ्याकडं हाय. आजवर तिकडंच चालत आलं. आता सरपंचानंच नवीन काढल्यावर आम्ही गावाला काय सांगावं?"

आबांच्या मागं आठ-दहा जण छत्र्या घेऊन उभे. सगळे ओळखीचे. त्यातल्या दोघांनी परवाच माझ्याकडून रहिवासी दाखले नेले होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी काठी उगारली नाही. नुसते उभे राहिले. रस्ता भरला.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "बरं आबा."

गावचा सरपंच. पन्नाशी ओलांडलेला. खिशाला पेन. आईची तिरडी खांद्यावर. आणि तोंडातून काय निघालं, तर बरं आबा.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. लग्नकार्यात, जेवणं झाली की पोरं म्हणतात, काका, ते मुखेडच्या बाजारात म्हैस पळाली ते सांगा. मी सांगतो, सगळे हसतात. स्वतःची फजिती सांगायला मला कधी लाज वाटली नाही. ही मात्र अजून कुणाला सांगितली नाही. लिहितो आहे, कारण लिहिताना समोर कुणाचं तोंड दिसत नाही.

आम्ही बौद्ध. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. मागच्या निवडणुकीत सरपंचपद आमच्या आरक्षणाला सुटलं. आबा त्याआधी दोन वेळा सरपंच होते, या वेळी उपसरपंच झाले. वस्तीत चार जण इच्छुक होते. आबांनी मला निवडलं. मी दहावी पास, निर्व्यसनी, आणि कुणाला उलटून न बोलणारा. मला वाटलं पहिल्या दोन गुणांमुळं निवडलं.

निकाल लागला त्या दिवशी मुखेडला जाऊन दोन पांढरे शर्ट शिवायला टाकले. इस्त्री इतकी कडक की वाकलो की कॉलर हनुवटीला लागायची. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सही घटवली. आधीची सही शाळकरी होती. नवी सही पल्लेदार, शेवटी एक लांब रेघ आणि खाली दोन टिंबं. बायको म्हणाली, "एवढी लांब रेघ ओढूस्तर तर माणूस मरून जाईल कागद घेऊन." माय मात्र ते कॅलेंडर हातात धरून बराच वेळ बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं नुसतं बोट फिरवलं त्या रेघेवरून.

मग म्हणाली, "एकच काम कर. आपल्या जागंवर वढ्याकडं शेड बांधून घे. मला पावसात जाळू नगंस."

तिला ठाऊक होतं ती काय मागते आहे. माझा बाप अशाच पावसात गेला. सरण पेटलं आणि विझलं. दुसऱ्या दिवशी उघडीप झाल्यावर पुन्हा लाकडं रचावी लागली. माय कधी कधी वरण ढवळता ढवळता मधेच म्हणायची, "तुझ्या बापाला दोनदा जाळलं." एवढंच. मग पुढचं बोलायची, मीठ बघ म्हणायची.

मी म्हणालो, "माय, शेडच काय, रस्ता पण करतो."

आता आमच्या ग्रामपंचायतीत काम कसं चालायचं ते सांगतो. महिन्याची सभा दहा मिनिटांत. ग्रामसेवक, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ठरावाची वही समोर सरकवायचे. भलीमोठी, लाल कापडी पुठ्ठ्याची. पान कोरं. खाली पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली. "सरपंच, इथं करा. मजकूर मी सावकाश लिहितो, अक्षर नीट यावं लागतं." मी माझी पल्लेदार सही करायचो. कधी एका बैठकीत पाच-सहा पानं. आबा चहा मागवायचे. म्हणायचे, "सरपंचाच्या सहीला वजन हाय बरं का भाऊसाहेब." मी फुगायचो. वहीचं मागचं पान मी कधी उलटून पाहिलं नाही. कशाला पाहू? मजकूर त्यांचा, सही माझी. मला वाटायचं सही म्हणजेच सरपंच.

शेडचा विषय मी पहिल्याच सभेत काढला होता. आबा म्हणाले, "घेऊ की. वस्ती सुधारच्या योजनेतून घेऊ." मी त्या दिवशी घरी पेढे नेले. पुढं पावसाळा संपला, आणि शेड उभं राहायला लागलं गावाच्या स्मशानात. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "वढ्याकडची जागा पाण्यात जाती, तांत्रिक मंजुरी मिळंना. हितं बांधलं म्हणून काय झालं? तू सरपंच हायेस. शेड तुझंच."

मी ते खरं मानलं. खरं मानणं सोपं होतं. मायला मोटारसायकलवर मागं बसवून शेड दाखवायला नेलं. ती खाली उतरली नाही. गाडीवरूनच बघितलं. म्हणाली, "आपल्याला जाळू देतील का हितं?"

मी म्हणालो, "माझं नाव हाय की पाटीवर. मी सरपंच हाय ना माय."

ती घरी येईस्तर माझ्या शर्टाला मागून धरून बसली होती.

आता ओढ्याकडचं सांगतो. टाळायचं होतं, पण टाळून चालणार नाही.

आम्ही तिरडी घेऊन माघारी आलो, पूर्ण गावाला वळसा घालून. ओढ्याकाठची काळी माती, पाय घोट्यापर्यंत आत. खांदा बदलताना तिरडी कलली आणि धाकटा भाऊ ओरडला, "माय, सांभाळ." मेलेल्या आईला म्हणाला, सांभाळ.

लाकडं ओली. माझ्या न्हाणीवरचे चार पत्रे काढून आणले. सरणाच्या चार बाजूंनी चार-चार जण उभे राहिलो, पत्रे डोक्याच्या वर धरून. डिझेल ओतलं. जाळ धरला. पत्र्यावर वरून पाऊस, खालून आग. पत्रा तापायला लागला तसे लोक हात बदलायचे, गोणपाट ओले करून धरायचे. मी हात बदलला नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं म्हणून धरून राहिलो. मायला दोनदा जाळायचं नव्हतं, एवढंच डोक्यात. संध्याकाळपर्यंत आम्ही उभे होतो. शेवटी कुणीतरी माझी बोटं एकेक करून पत्र्यावरून सोडवली.

एकदाच जाळलं. तेवढं झालं.

आठव्या दिवशी ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. उजव्या तळहाताला फोड फुटून पट्टी होती. बायको म्हणाली, "अवं, आज नका जाऊ." मी गेलो. सवय.

भाऊसाहेब बसलेले, आबा बाजूच्या खुर्चीत. लाल वही समोर. आबांनी आधी विचारपूस केली, "जेवण-खाण करायलाव का न्हाई नीट? वय झालतं म्हातारीचं. लई मनाला लावून घेऊ नगा." मग वही सरकली. कोरं पान, पेन्सिलीची फुली.

मी पट्टीचा हात वर करून दाखवला. "पेन धरता येईना भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी ड्रॉवर उघडला. शाईचं पॅड काढलं. झाकण उघडून माझ्यापुढं ठेवलं, आणि अगदी काळजीनं म्हणाले, "मग अंगठा द्या की सरपंच. डावा दिला तरी चालतंय."

आबा हसले. वाईट हसले नाहीत. घरच्यासारखे हसले. "हाव, द्या. काय फरक पडतो?"

माझी माय रोजगार हमीच्या कामावर अंगठा द्यायची. संध्याकाळी घरी येऊन तो अंगठा राखेनं घासायची, कातडं लाल होईस्तर. मला शाळेत घालताना मास्तरला म्हणाली होती, "ह्याला एवढं शिकवा की ह्याचा अंगठा कुणी धरू नये." मी दहावी झालो. सही घटवली. रेघ लांब ओढली, टिंबं दिली. आणि तीन वर्षं मी काय देत होतो? अंगठाच. फक्त पल्लेदार.

मी डाव्या हातानं वही ओढली आणि पहिल्यांदा मागं उलटली.

"काय बघायलाव सरपंच?" भाऊसाहेब म्हणाले.

मी शोधत गेलो. सापडला ठराव. भाऊसाहेबांचं मोत्यासारखं अक्षर. 'वस्तीसाठी ओढ्यालगत स्वतंत्र शेडची आवश्यकता नाही. सदर निधी गावच्या स्मशानभूमीतील शेडसाठी वापरण्यात यावा. वस्तीची यास संमती आहे. सूचक, सरपंच.' खाली माझी सही. शेवटी लांब रेघ. रेघेखाली दोन टिंबं.

मी ते दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, त्या दोघांसमोर. आवाज फुटला मधे. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आबा म्हणाले, "जुनं कशाला उकरतूस? ऐक. वढ्याकडं दुसरं शेड घेऊ यंदा. म्हातारीचं नाव देऊ त्याला. ह्या पानावर अंगठा दे, त्येच लिहून टाकतो."

खोटं सांगत नाही, मन हललं. मायचं नाव. क्षणभर शेड दिसलं सुद्धा.

मी म्हणालो, "आधी लिहा. ग्रामसभेत वाचा. मग सही."

"माझ्यावर विश्वास न्हाई?"

"न्हाई."

आबांना मी आयुष्यात पहिल्यांदा न्हाई म्हणालो. दोन अक्षरं. त्या ठरावाचा मोबाईलवर फोटो काढला. डावा हात, तीन फोटो हलले. चौथा नीट आला. आबा तोवर उठून निघून गेले होते.

आता अर्ज दिला आहे. जिल्ह्याला, पोच घेऊन. वकिलाकडं लिहून घेतला तेव्हा वकील म्हणाला, "तुमचं नाव कशाला घालता? तुम्हाला फसवलं असं लिहू." मी म्हणालो, फसवलं हे खरं. पण वही माझ्यासमोर होती आणि मला वाचता येत होतं, हेही खरं. माझं पद जाणार, पुन्हा निवडणूक लढता येणार नाही, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. अविश्वासाची तयारी गावात सुरू झालीच आहे. वस्तीतलेही काही जण माझ्याशी बोलेनात. त्यांचं म्हणणं, आबा शेड देत होते, तूच घालवलंस. त्यांनाही पावसाची भीती आहे.

अर्जात जबाबदार म्हणून तीन नावं आहेत. पहिलं माझं. दुसरं आबांचं. तिसरं भाऊसाहेबांचं. काल आबांचा निरोप आला, अर्ज मागं घे, तुझं नाव वाचवतो.

माझं नाव मी खोडणार नाही. त्यांचंही खोडू देणार नाही.